दगडापलीकडे गेलेला माग

सारंगखेड्याची यात्रा कशी झाली, घोडे कसे होते, असं वाईत जो तो मला विचारतो. एकदाच लिहून टाकतो म्हणजे मी सुटलो. यात्रा मी पाहिलीच नाही. यात्रेसाठी म्हणून घर सोडलं, खानदेशात मुक्काम केला आणि एकही घोडा न बघता परत आलो. बघितले ते दोन बैल, आणि त्यांच्यापायी दोन राज्यांमध्ये सापडलेला एक माणूस. मला अजून त्याच्या नावानं रात्री जाग येते, म्हणून ही हकीकत.

नंदुरबार

चीनशी लढाई नुकतीच थांबली होती. आमच्याकडे तोवर लढाई म्हणजे रेडिओ आणि लढाईच्या फंडाला बायकांनी दिलेल्या बांगड्या. नंदुरबार स्टेशनावर उतरलो तर ती प्रत्यक्ष पुढ्यात उभी राहिली. खाकी टोपीतल्या एका स्वयंसेवकानं माझी पिशवी धरली आणि आतला थर्मास बाहेर काढला.

"हाई काय शे?"

"चहा."

"उघाडा."

उघडला. वाफ आली. तरी त्याचं समाधान होईना. "पी देखाडा," म्हणाला.

मनमाडला भरलेला तो कडू चहा मी फलाटावर उभा राहून, चार माणसांच्या देखत प्यायलो. मला न्यायला आलेला आत्माराम लांब उभा राहून पोट धरून हसत होता. आत्माराम पाटील हा माझा पुण्याच्या शेती कॉलेजातला खोलीतला सोबती. शिकून मी बियाण्यांचं दुकान टाकलं, तो गावी येऊन शेती करू लागला.

"हसतोस काय गाढवा?" मी म्हणालो.

"हसू नाही तर काय करू? तुझा चहा तपासायला माणूस आहे. आमच्या गावाकडे हत्ती नेला तरी कोणी विचारत नाही."

बैलगाडीला हरण्या आणि चांद्या जुंपलेले होते. ही खिलारी जोडी मीच त्याला आमच्याकडच्या बाजारातून निवडून दिली होती. तिकडच्या काळ्या जमिनीत ती चांगलीच रुळली होती. मी मानेवर हात ठेवला तर चांद्यानं शिंग झटकलं. ओळख नाही, पाळख नाही. मी मात्र उगाच खूश झालो.

चिंचोदे

आत्मारामचं गाव चिंचोदे नंदुरबारपासून बरंच आत, पार सरहद्दीला टेकलेलं. सरहद्द म्हणजे काय, तर बाभळीखाली पुरलेला चुना लावलेला एक दगड. त्याच्या पलीकडे आमलीपाडा. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही गावांचा तालुका एक, फौजदार एक. राज्यं वेगळी झाली आणि आमलीपाडा गुजरातेत गेलं. माणसं आहे तिथेच राहिली, लग्नं तशीच होत राहिली. बदलले ते फक्त पोलीस.

आत्मारामच्या आईला सगळं गाव माय म्हणतं. तिनं हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, चव जराशी तुरट लागते. आमच्याकडे पाहुण्याला भाजीत तिखट कमी घालतात. इथे पाहुणा आला म्हणून दोन मिरच्या जास्त पडल्या असाव्यात.

"जेवा ना भाऊ, लाजू नका," माय म्हणत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिला मायेचं वाटलं की काय कोण जाणे.

जेवताना गोष्टी निघाल्या त्या चोऱ्यांच्याच. सरहद्दीजवळच्या चौकीत सहा शिपाई असत. लढाई लागली तसे ते रेल्वेच्या पुलांवर पहाऱ्याला गेले. मागे उरला एक हवालदार आणि त्याची कोंबडी. इकडची गुरं चोरून तिकडे विकायची, तिकडची इकडे. इकडचा फौजदार दगडापाशी थांबतो, तिकडचाही थांबतो.

"चोर तेवढा थांबस नही," दारातून आवाज आला. गावचा जागल्या दामा भाकरी घ्यायला आला होता. दामा भिल्ल, पन्नाशीचा, सडसडीत. रात्रीची राखण त्याच्याकडे, आणि त्याबद्दल घरटी भाकरी अन् सुगीला धान्य. आमच्याकडेही रामोशी असत, पण आता ते नावालाच उरलेत. इथे सगळा गाव दामाच्या भरवशावर झोपत होता.

सकाळी उठलो तो मायच्या हंबरड्यानं. गोठ्याची मागची कुडाची भिंत कापलेली होती. दावणीला दोन कापलेले दोर लोंबत होते, बैल नव्हते.

दगड

आमच्याकडे असं काही झालं की माणसं पोलीस पाटलाच्या ओसरीवर जमतात आणि दुपारपर्यंत बोलतात. इथे कोणी बोललं नाही. दामानं गोठ्यामागचं पहिलं पाऊल शोधलं आणि त्यावर शेणाची पाटी उपडी घातली. मग गवताची एक काडी त्या पावलाच्या लांबीइतकी तोडली. चोर अनवाणी होता आणि त्याच्या डाव्या पायाची करंगळी बाहेर फाकलेली होती, एवढं मलाही दिसलं.

त्या भागाची जुनी रीत आत्मारामनं मला भरभर चालता चालता सांगितली. माग ज्या गावाच्या शिवेत शिरतो, त्या गावानं तो पुढे काढून द्यायचा. शिवेवर दोन्हीकडचे जागले भेटतात, पाऊल आणि काडी ताडून पाहतात. पुढच्या जागल्यानं काडी हातात घेतली की माग त्यानं घेतला. तिथून चोर शोधणं आणि जनावर घरी पोचवणं त्याच्यावर. काडी कोणी घेतली नाही, तर माग त्याच गावात मेला, आणि चोरी त्या गावच्या जागल्यावर बसली.

"म्हणजे दामावर?"

"दामावर."

माणसं मागाच्या दोन्ही बाजूंनी चालत होती, मधे कोणी पाय टाकत नव्हतं. नाल्याच्या गोट्यांत दामाला माग सापडेना. तो तीनदा मागे आला, तीनदा पुढे गेला, कपाळाला घाम फुटला. आत्मारामचा चुलतभाऊ सुकलाल मागून मोठ्यानं म्हणाला, "सापडाव कसा? शोधाना शे का त्याले?" शेवटी पलीकडच्या काठावर शेणाचा ओला पो पडलेला कोणीतरी पाहिला आणि पुढची वाट मिळाली. ती सरळ बाभळीखालच्या दगडाकडे गेली, आणि दगडावरून पलीकडे.

सुकलाल असा का बोलला ते मला दगडापाशी कळलं. आमलीपाड्याचा जागल्या रायसिंग हा दामाचा याही, म्हणजे व्याही. दामाची पोर जमना त्याच्या घरात दिलेली. दोन राज्यांचे दोन राखणदार एकमेकांचे सोयरे, आणि चोरी बरोबर त्यांच्या मधून गेलेली. लोकांच्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नकोच.

दामानं शेवटच्या पावलावर पाटी घातली आणि हाळी दिली. बऱ्याच वेळानं आमलीपाड्याचे पाटील आले, मागून रायसिंग. आमचा एकटा हवालदारही तोवर सायकल ढकलत पोचला होता.

पाटलांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माग लेवाना नही," ते म्हणाले. "आम्हना फौजदारना हुकूम शे. त्या राज्यातलं काहीच कागदाशिवाय घ्यायचं नाही."

"मामा, मागील साली तुम्हना रेडा आम्हीच काढी दिधा व्हता ना?" आत्माराम म्हणाला. पाटील त्याच्या आईचे लांबचे भाऊ लागत.

"दिधा व्हता. तव्हय कोनी इचारत नव्हतं. आते लढाई शे बापा, माले अडकावाले लावतीन."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अहो, तुमच्या हद्दीत चोर शिरलाय! हे बघा त्याचं पाऊल!"

"तुम्ही कोन?"

"पाहुणा."

"मग पाहुणासारखं ऱ्हावा."

मी मागे सरलो. रागानं कान तापले होते, पण त्यांचंही काही खोटं नव्हतं. ऊन वर चढत होतं. आमलीपाड्याची गुरं सुटायची वेळ झाली होती. कळप एकदा या वाटेनं गेला की पुढे पाऊल म्हणून काही राहणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तसेच उभे होते.

आमच्या हवालदारानं घसा साफ केला. "मला पलीकडे पाय टाकता येत नाही. माग इथवर आलाय, इथंच संपलाय. दामा, तू चल चौकीवर."

"त्यानीच वाट दावी," सुकलाल ओरडला. "याही-याहीनं वाटी लिधं!" मागची माणसं पुढे सरकली. त्यांतल्या दोघांच्या हातात काठ्या होत्या. दामा जागचा हलला नाही. काडी धरलेला हात त्यानं दगडावरून पुढे केला होता, तो तसाच होता. मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, आता इथे माणूस मरतो असं वाटलं.

रायसिंगनं आपल्या पाटलांकडे एकदा पाहिलं. पाटलांनी मान हलवली, नाही म्हणून. रायसिंग पुढे आला. वाकून पाटी उचलली, पाऊल पाहिलं आणि दामाच्या हातातली काडी घेतली.

"लिधा," तो म्हणाला. "मी लिधा. पाटीलनी नही, सरकारनी नही. मी."

"रायसिंग, येडा व्हयना का तू?" पाटील ओरडले.

तो थांबलाच नाही. मागाच्या कडेकडेनं, वाकून, झपझप चालत बाभळींत दिसेनासा झाला. थोड्याच वेळात घुंगरं वाजली आणि आमलीपाड्याचा कळप त्याच वाटेनं आला. आमच्याकडची माणसं काठ्या खाली टाकून बसली. सुकलाल परत गेला.

वाट पाहणं

दोन दिवस विहिरीवरची मोट बंद होती. गहू नुकताच वर आलेला, त्याला पाण्याची पाळी द्यायची ती चुकली होती. शेजाऱ्यांचे बैल त्यांच्याच मोटेला. आत्माराम पहाटे उठून गव्हाच्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि काही न करता परत यायचा. सारंगखेड्याला जाऊ असं एकदा तोच म्हणाला, पण त्याच्या आवाजात जीव नव्हता. मी नको म्हणालो.

मायनं कढी आणि फुनके केले. वाटलेल्या तुरीच्या डाळीचे हे मुटके वाफवून कढीबरोबर खातात. एरवी मी चार जास्त खाल्ले असते. दामा भाकरी न्यायला आलाच नाही, म्हणून मायनं त्याच्या झोपडीवर माझ्या हाती पाठवली. त्यानं ती घेतली आणि बाजूला ठेवली.

"माले मन्ही काळजी नही," म्हणाला. "त्यानी घरमा मन्ही पोर शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात घुंगराचा आवाज झाला. बाहेर येतो तो एक काळीसावळी तरुण बाई, डोक्यावर गवताचा भारा, आणि तिच्या पुढे हरण्या आणि चांद्या! ती दामाची जमना. मायनं बैलांच्या गळ्यात हात टाकून रडायला सुरुवात केली. आत्माराम तर नुसता गोठ्यात आत-बाहेर करत होता.

"वाटमा कोनी अडावं नही?" मी माझ्या मोडक्या अहिराणीत विचारलं.

"कोन अडावाव? तठे कोन शे?" ती म्हणाली. दिवसाढवळ्या चोरीचे दोन बैल हाकत ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली होती. माझ्या थर्मासाला केवढा त्रास झाला होता, ते मला आठवलं.

"सासरानी सांगं, बैल घर बांधा, दोन दिन भायेर काढू नका," एवढं बोलून ती उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि आल्या पावली परत गेली. बापालाही भेटली नाही. चोर पुन्हा येतील या भीतीनं रायसिंगनं तसं सांगितलं असावं, असं आम्ही धरून चाललो. आत्मारामनं बैल दोन दिवस काय, एक तासही बांधले नाहीत. संध्याकाळपर्यंत मोट ओढून गव्हाला पाणी दिलं.

ठाणं

तिसऱ्या दिवशी सकाळी आमलीपाड्याचे तेच पाटील दगड ओलांडून आमच्या दारात आले. चेहरा उतरलेला. रायसिंगला त्यांच्या पोलिसांनी अडकवलं होतं.

त्याला बैल सापडले होते ते एका घळीत, इतर गुरांबरोबर. चोर पळून गेले. पण गुरांच्या शेजारी एक लाकडी पेटी होती, आत सुरुंगाची दारू आणि वाती. घळीपासून रेल्वेचा पूल लांब नव्हता. रायसिंग शहाणा माणूस. त्यानं आपण होऊन ठाण्यावर जाऊन पेटीची वर्दी दिली. फौजदारानं विचारलं, तू घळीत कशाला गेलास? तो म्हणाला, चोरीच्या बैलांच्या मागावर. बैल कुठे आहेत? गेले, म्हणाला. कुठे गेले? त्यावर तोंडच उघडेना.

"फौजदारले वाटस, बैलंसनी गोष्ट खोटी शे," पाटील म्हणाले. "त्या चोरंसनाच हाऊ एक, असं म्हनस. आज सुरतले धाडनार शे."

"मामा, तुम्ही सांगा ना. तुम्ही तठेच व्हतात," आत्माराम म्हणाला.

"सांगं. पन माग मी लिधाच नही, असं मीच फौजदारले सांगेल शे. मंग मन्ही साक्ष कसानी?" ते अंगणातच खाली बसले. आमच्या हवालदारालाही गाठलं. त्यानं डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं. पण वरच्या हुकुमाशिवाय दुसऱ्या राज्यात साक्ष देता येत नाही, असं तो म्हणाला. विचारून पाहतो, म्हणाला. उत्तर यायला किती दिवस लागतील, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी आत्मारामला बाजूला घेतलं. "बैल दाखवले तर मुद्देमाल म्हणून ठेवून घेतील. खटला संपेपर्यंत परत मिळायचे नाहीत. गहू जाईल तुझा."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? तू बोल ना, तूच सांग काय करू." त्याचा आवाज चढला होता. मी गोठ्याकडे पाहिलं. मायनं आतून येऊन दोन्ही बैलांना कुंकू लावलं आणि दावी सोडली.

आत्माराम, दामा, पाटील आणि मी, असे चौघे दगडावरून पलीकडे गेलो. आम्हांलाही कोणी अडवलं नाही. दामा पुढे, त्याच्यामागे बैल. ठाण्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. सुरतेला कैदी घेऊन जाणारी गाडी निघून गेली असेल का, एवढाच विचार डोक्यात होता. आत्माराम सारखा बैलांना टोचत होता. इतर वेळी त्यानं कधी काठी लावल्याचं मी पाहिलं नव्हतं.

गाडी उभी होती. फौजदार तरुण होता, डोळे झोपेनं लाल. "बेसो, बेसो," म्हणाला. आत्मारामनं सगळं सांगितलं. शिपायानं बैलांचे खूर पाहिले, शिंगांवरचे डाग पाहिले, दावणीवरून सोडून आणलेल्या कापलेल्या दोरांची टोकं बैलांच्या गळ्यातल्या तुकड्यांशी जुळवून पाहिली. पाटलांनी मान खाली घालून सांगितलं की काडी रायसिंगनं आपल्या देखत घेतली. फौजदारानं हे सगळं ऐकून घेतलं.

"पुलावर माझी वीस माणसं आहेत," तो हिंदीत म्हणाला. "त्या घळीवर एकही नाही. ती पेटी विहीर फोडायला आणलेली होती की पूल, मला अजून माहीत नाही. आणि माहिती देणारा एकच माणूस, तो मी आत टाकला."

त्यानं रायसिंगला सोडायला सांगितलं. बैल आवारातल्या लिंबाला बांधायला सांगितले. खटला संपेपर्यंत.

रायसिंग बाहेर आला. ओठ सुजलेला होता. दामा पुढे झाला, पण रायसिंगची नजर त्याच्यावर नव्हती. लिंबाखालचे बैल त्यानं पाहिले आणि जागच्या जागी थांबला.

"हाई कोनी आनं?"

"मी," आत्माराम म्हणाला.

"येडा शे का आत्माराम पाटील तू?" तो इतक्या जोरानं ओरडला की आतले शिपाई दारात आले. "म्हनीसन तर मी जमनाना हाते आधी घर धाडं! बैल आठे उनात तर सरकार लेवाव, हाई माले माहीत व्हतं. मार खाधा, सांगं नही. मंग मी आत बठनू कसाले?"

आत्मारामनं हातातली काठी टाकून दिली. मलाही आता कुठे कळलं, जमनानं बैल बाहेर काढू नका म्हणून का सांगितलं होतं.

दामानं याहीच्या दंडाला धरलं. "चाल घर. पोर वाट देखी ऱ्हायनी."

"तू जाय. तिले सांग, मी बरा शे." रायसिंगनं हात सोडवून घेतला. लिंबापाशी जाऊन त्यानं बैलांच्या तोंडाला हात लावून पाहिला, आणि शिपायाकडे बादली मागितली. "काडी मी लिधी व्हती. घर पोचाडाना बोल मन्हा शे. आठे यासले पानी कोन दी? चारा कोन टाकी?"

शिपायानं फौजदाराकडे पाहिलं. फौजदार मान डोलावून आत गेला. रायसिंग विहिरीवर गेला, बादली भरून आणली, आधी हरण्याला पाणी पाजलं, मग चांद्याला. मग सुटलेला तो माणूस ठाण्याच्या आवारातच, बैलांच्या पायाशी, लिंबाला पाठ लावून बसला.